फर्दापूरचा तळ

धावडा हे भोकरदन तालुक्याच्या अगदी वरच्या टोकाचं गाव. जिल्हा जालना, पण जालन्याची सवय कमी. इथल्या माणसाचं येणंजाणं बुलढाण्याकडे नाहीतर अजिंठ्याकडे. पावसाळ्यात या पट्ट्यात हिरव्या मिरचीचे ढीग लागतात, पिंपळगाव रेणुकाई, वालसावंगी ही नावं तेव्हा दूरदूरच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी असतात. मी गेले तेव्हा थंडीचे दिवस होते. मिरची संपली होती, कापसाची शेवटची वेचणी चालली होती आणि मक्याची कणसं अंगणात वाळत पडली होती. माझी मोठी बहीण इथे दिलेली आहे. तिची मुलगी, माझी भाची, यंदा इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा देते आहे. तिला घेऊन अजिंठा बघायचा आणि तोही एका विशिष्ट बाईच्या मागावर, असं मनाशी धरून मी आले होते.

धावड्याहून शिवन्यावरून अजिंठा गाव गाठायला तास पुरतो. औरंगाबाद म्हणा, आता छत्रपती संभाजीनगर म्हणा, तिथून येणारा मोठा रस्ता वेगळा. पर्यटकांच्या गाड्या त्याच रस्त्याने धावतात. आमची वाट शेतांमधून. डाव्या हाताला, उजव्या हाताला कापूस, मधूनच उसाचा हिरवा तुकडा, आणि समोर अजिंठ्याच्या डोंगराची सपाट कड. डोंगर असा दिसतच नाही, कारण आपण पठारावरूनच चाललेलो असतो. दरी एकदम पुढ्यात उघडते ती घाट लागल्यावर.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी धावडा काय, अजिंठा काय, सगळं निजामाच्या राज्यात होतं आणि औरंगाबाद याच एका जिल्ह्यात मोडत होतं. जालना जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ ला. त्याआधीची जुनी पाळंमुळं बघायची तर भोकरदनला जावं. तिथे उत्खननात सातवाहन काळातली वसाहत सापडली, हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली आणि तिचं नातं थेट इटलीतल्या पॉम्पेईत मिळालेल्या मूर्तीशी लागलं. भोगवर्धन हे या गावाचं जुनं नाव, आणि इथल्या माणसांनी दिलेल्या दानाचे उल्लेख सांचीच्या स्तुपावर आहेत. म्हणजे हा मुलूख कोपऱ्यातला वाटला, तरी जगाशी त्याचा व्यवहार फार जुना आहे. ज्या बाईच्या मागावर मी निघाले होते तीही या मुलखात आली ती लंडनहून.

क्रिस्टियाना हेरिंगहॅम हे तिचं नाव. जन्म १८५२, इंग्लंडातल्या केंट परगण्यातला. माहेरचं आडनाव पॉवेल. वडील शेअरबाजारातले मोठे दलाल आणि कारागिरांचे, चित्रकारांचे आश्रयदाते. त्या काळी युरोपात मुलींना चित्रकलेचं रीतसर शिक्षण मिळणं अवघडच. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचं दार बायकांना उघडलं ते १८९७ मध्ये. लंडनच्या रॉयल अकादमीत १८६० साली लॉरा हरफर्ड नावाच्या मुलीला प्रवेश मिळाला, कारण तिने चित्रांवर नावाचं फक्त पहिलं अक्षर घातलं होतं आणि परीक्षकांना वाटलं की हा कोणी मुलगा असणार. अशा दिवसांत क्रिस्टियानाबाईंनी चित्रकलेचा एक असा कोपरा धरला जो कोणी हाताळत नव्हतं. जुन्या इटालियन चित्रकारांचा रंग, अंड्याच्या बलकात कालवून लावायचा, टेंपेरा. तैलरंग आल्यावर ही रीत जवळजवळ बुडाली होती. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने पंधराव्या शतकाच्या तोंडावर रंगकामाची एक हातपोथी लिहून ठेवली होती: भिंत कशी तयार करावी, गेरू कसा वाटावा, सोन्याचा वर्ख कसा चढवावा. बाईंनी तिचं इंग्रजी भाषांतर केलं, ते १८९९ मध्ये छापलं. नुसतं भाषांतर करून त्या थांबल्या नाहीत. पोथीत लिहिल्याप्रमाणे स्वतः रंग वाटून, फळी तयार करून, बोटिचेल्लीसारख्या जुन्या उस्तादांच्या चित्रांच्या प्रती केल्या आणि पोथीतलं काय खरं, काय अर्धवट, ते हाताने तपासलं. १९०१ मध्ये टेंपेरा चित्रकारांची संस्था निघाली तिच्या उभारणीतही त्या होत्या.

१८८० मध्ये लग्न झालं ते विल्मट हेरिंगहॅम या डॉक्टरशी. दोन मुलगे झाले. त्यातला ख्रिस्तोफर १८९३ मध्ये गेला. पुढची वर्षं बाईंनी कामात घातली. १९०३ मध्ये इंग्लंडातली मोलाची चित्रं परदेशी श्रीमंतांच्या हातात जाऊ नयेत म्हणून लोकवर्गणीतून ती विकत घेणारा एक निधी स्थापन झाला, नॅशनल आर्ट कलेक्शन्स फंड. त्यामागची कल्पना आणि सुरुवातीचे पैसे क्रिस्टियानाबाईंचे. तीन वर्षांत या निधीने वेलास्केसचं आरशात पाहणाऱ्या व्हीनसचं चित्र पंचेचाळीस हजार पौंडांना घेऊन लंडनच्या नॅशनल गॅलरीला दिलं. बायकांना मताचा अधिकार मिळावा म्हणून निघणाऱ्या मोर्च्यांसाठी कापडी निशाणं भरून देणाऱ्यांतही त्या होत्या. आणि १९०६ च्या हिवाळ्यात त्या हिंदुस्थानात आल्या, अजिंठा पाहिला, आणि मग दुसरं काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

अजिंठा गावात आम्ही थांबलो ते पारोच्या कबरीसाठी. ती कथा इथे लहान मुलालाही ठाऊक आहे. मेजर रॉबर्ट गिल हा कंपनी सरकारचा चित्रकार १८४४ नंतर लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करायला आला, लेणापूरच्या पारोवर त्याचा जीव जडला, २३ मे १८५६ ला ती वारली आणि गिलने तिच्या कबरीवर दगड बसवला. ना. धों. महानोरांचं काव्य आहे, सिनेमा आहे. गिल नंतर भुसावळला १८७९ मध्ये वारला. त्याने वर्षानुवर्षं खपून केलेली तैलचित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. १८६६ च्या आगीत मोजकी सोडून सगळी जळाली. त्याच्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. १८७२ ते १८८५, एवढी वर्षं. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांतले नावारूपाला आलेले. ती चित्रं लंडनच्या संग्रहालयात गेली आणि १८८५ मध्ये तिथेही आग लागून त्यातली बरीच नष्ट झाली. उरलेल्यांवरून ग्रिफिथ्सचे दोन जाडजूड ग्रंथ १८९६ च्या सुमाराला निघाले.

कबरीपाशी एक गृहस्थ आम्हाला गिल-पारोची गोष्ट फार जिव्हाळ्याने सांगत होते. मी हेरिंगहॅमबाईंचं नाव काढलं. ते त्यांनी ऐकलेलं नव्हतं. त्यांचा काही दोष नाही. प्रेमकथा माणसाच्या लक्षात राहते, काम राहत नाही. पण भाची वाटेत म्हणाली, "मावशी, त्या बाईची गोष्ट आपल्याला कोणी सांगितलीच नाही, मग लक्षात कशी राहील?" तिचं बरोबर होतं.

अजिंठा गावाहून घाट उतरला की खाली फर्दापूर. लेण्यांना जाणाऱ्या गाड्या आता टी-पॉइंटला थांबवतात, आणि तिथून एसटीच्या बसने चारेक किलोमीटर आत जावं लागतं. याच फर्दापूरला क्रिस्टियानाबाईंचा तळ होता. १९०९-१० चा हिवाळा आणि १९१०-११ चा हिवाळा, तंबू ठोकून. वय सत्तावन-अठ्ठावन. सोबत डोरोथी लार्चर ही तरुण इंग्रज चित्रकर्ती. हैदराबाद संस्थानाने सय्यद अहमद आणि मुहंमद फझलुद्दीन हे दोन चित्रकार दिले. आणि कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य आले: नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, म्हैसूरचे व्यंकटप्पा. या पोरांना इकडे धाडण्यात भगिनी निवेदितांचा मोठा वाटा. १९०९ च्या नाताळात निवेदिता स्वतः जगदीशचंद्र बोस आणि अबला बोस यांच्याबरोबर लेणी बघायला आल्या होत्या. पुढच्या हिवाळ्यात विल्यम रोथेन्स्टाइन हे इंग्रज चित्रकार येऊन गेले. त्या दोन हिवाळ्यांत वाघूर नदीकाठच्या या खेड्याशेजारी इंग्रजी, बंगाली, उर्दू, कानडी आणि गावकऱ्यांची मराठी एकाच चुलीभोवती बोलली गेली असणार.

बसमधून उतरलो. वाघूरला पाणी थोडंच होतं, पण घोड्याच्या नालासारखा वळलेला तो कडा आणि त्याच्या कमरेशी कोरलेली तीस लेणी बघून भाची पायऱ्यांवरच थांबली. मी तिला सरळ सतराव्या लेण्यात नेलं.

वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हे लेणं झालं. वाकाटकांच्या या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम. धावड्याहून वाशीम काही परदेश नव्हे. म्हणून मला ही चित्रं कुठल्याशा "प्राचीन भारता"ची वाटत नाहीत, शेजारच्या राज्यकर्त्यांच्या ऐपतीची वाटतात. व्हरांड्यात दाराच्या वर डावीउजवीकडे बघत राहिलं की उडणारी अप्सरा दिसते. डोक्याला नक्षीचं वस्त्र, गळ्यात मोत्यांच्या माळा. ती पुढे झेपावते आहे म्हणून माळा मागे झुकल्या आहेत. चित्रकाराने वेग दाखवायला दुसरं काहीच केलेलं नाही. एवढ्या माळांच्या कलण्यावरून तिच्या अंगावरून वाहणारा वारा कळतो.

आत अंधार. मंद दिवे, फ्लॅशला बंदी, चपला बाहेर. डोळे सरावायला वेळ लागतो. भाची भिंतीच्या तुटलेल्या कडेपाशी गेली, म्हणजे कठड्याच्या अलीकडूनच वाकली, आणि म्हणाली, "हा तर आजीच्या जुन्या घराचा गिलावा आहे." खरंच तसाच. दगडावर मातीचा थर, त्यात धानाचं तूस, गवताच्या काड्या, झाडाचे तंतू. त्यावर चुन्याचा पातळ हात. धावड्याच्या जुन्या घरांत माती मळताना त्यात गव्हांडा घालायची रीत आहे, म्हणजे माती वाळताना तडकत नाही. अजिंठ्याच्या कारागिरांनी तेच केलं, फक्त फार निगुतीने. आणि या कोरड्या गिलाव्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग: गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती, चुन्याचा पांढरा. निळा तेवढा बाहेरून आलेला, अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा लाजवर्द.

म्हणजे ही रीत फ्रेस्कोची नव्हे. फ्रेस्कोत रंग ओल्या चुन्यात मुरवतात. ही कोरड्यावर केलेली, टेंपेराच्या जातीची. आणि लंडनमध्ये रंग वाटून चेन्निनीची पोथी तपासणारी बाई या भिंतीसमोर उभी राहिली, तेव्हा तिच्या इतक्या तयार नजरेने या भिंतीकडे तोवर फार थोड्यांनी पाहिलं होतं. तिने थर ओळखले. आधी पांढऱ्या जमिनीवर लाल रेघेने ठसठशीत आखणी. मग तिच्यावर हिरव्या मातीचा पातळ हात, असा की खालची लाल रेघ अधूनमधून दिसत राहील. मग ज्या त्या जागेचा रंग. मग काळ्या-तपकिरी रेघांनी सगळं पुन्हा पक्कं करायचं. आणि गरज पडलीच तर शेवटी थोडीशी छाया. बाईंचं हे निरीक्षण १९१० मध्ये लंडनच्या 'बर्लिंग्टन मॅगझिन'मध्ये आलं. मी भाचीला ते सांगितलं आणि आम्ही दोघी शोधायला लागलो. जिथे वरचा रंग झिजला आहे तिथे ती लाल रेघ सापडते. एका हाताच्या बोटांशी ती मला इतकी स्पष्ट दिसली की बोटं आखताना चित्रकाराचा हात कुठे थांबला आणि कुठे सुटला तेही कळावं. भाचीने वहीत ते बोट उतरवलं. तिला ते पहिल्यांदा जमलं नाही, कारण तिने छायेपासून सुरुवात केली होती. मग तिने नुसती रेघ ओढली आणि बोट उभं राहिलं.

इथेच हेरिंगहॅमबाईंच्या कामाचं मर्म आहे असं मला वाटतं. गिल आणि ग्रिफिथ्स तैलरंगातले लोक. त्यांनी जे काढलं त्यात व्हिक्टोरियन चित्रशाळेचा गोलावा आणि उजेड-सावली आली. त्यातच चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून नक्कल करणाऱ्यांनी मूळ भिंतीवर व्हार्निश फिरवलं. ते पुढे पिवळं-काळं पडलं. १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून बोलावलेल्या दुरुस्तीकारांनी शेलॅक वापरला, त्याचाही पुढे त्रासच झाला. क्रिस्टियानाबाईंनी जलरंग घेतले, रेघेला मान दिला आणि काम हिंदुस्थानी चित्रकारांच्या हाती सोपवलं. तेव्हा ही मोठी गोष्ट होती. इथली कला इथल्याच हाताला कळेल असं त्यांना मनापासून वाटत होतं.

या कामावर आक्षेपही आहे आणि तो खोटा नाही. फर्दापूरच्या तळावर झालेल्या प्रतींमध्ये गळालेले तुकडे, पोपडे उडालेल्या जागा भरून काढल्या आहेत. भिंत आज जशी आहे तशी नोंदवण्यापेक्षा चित्र तेव्हा कसं असेल ते उभं करण्याकडे कल. पुरातत्त्वाच्या कामासाठी असली प्रत धोक्याची. कारण भरलेलं कोणतं आणि मूळचं कोणतं हे पन्नास वर्षांनी कळत नाही. त्यासाठी गुलाम यझदानी यांनी १९३० पासून काढलेले फोटोंचे खंडच विश्वासाचे. पण मी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या तर माझा कौल बाईंकडे जातो. त्यांना भिंतीचा पंचनामा करायचा नव्हता. चित्र कसं काढलं होतं ते हाताने शिकायचं होतं, आणि ते शिकणं पुढच्या हातात जावं अशी त्यांची इच्छा होती.

आणि ते गेलंही. नंदलाल बोस तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. अजिंठ्याची रेघ त्यांच्या हातात जन्मभर राहिली. भारताच्या राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखित प्रतीची पानं त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी सजवली. असितकुमार हालदारांनी बंगालीत अजिंठ्यावर पुस्तक लिहिलं. सय्यद अहमद पुढे या लेण्यांचेच क्युरेटर झाले. डोरोथी लार्चर पहिल्या महायुद्धामुळे हिंदुस्थानातच राहिली, इथलं कापड रंगवणं-छापणं शिकली, आणि इंग्लंडला परतल्यावर फिलिस बॅरनबरोबर तिने ठशांच्या छपाईचं काम नावारूपाला आणलं. एका तळातून इतक्या वाटा फुटल्या.

स्वतः बाईंची वाट मात्र तिथेच थांबली. १९११ मध्ये त्यांनी केलेल्या-करवलेल्या प्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. गिलची चित्रं जळाली ती हीच इमारत. पण त्याच सुमाराला बाईंचं मन ढासळलं. कोणीतरी आपल्या मागे लागलं आहे, आपला छळ होतो आहे असे भास सुरू झाले. त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं, आणि त्या बाहेर आल्या नाहीत. १९१४ च्या ऑक्टोबरात दुसरा मुलगा, जेफ्री, महायुद्धात पडला. १९१५ मध्ये इंडिया सोसायटीने 'अजंता फ्रेस्कोज' हा देखणा ग्रंथ काढला, त्यावर त्यांचं नाव आहे. १९२८ मध्ये इंग्लंडातल्या बायकांना पुरुषांइतकाच मताचा हक्क मिळाला. १९२९ मध्ये क्रिस्टियानाबाई वारल्या. ई. एम. फॉर्स्टर यांच्या 'अ पॅसेज टू इंडिया' या कादंबरीत गुहेच्या अंधारात हादरून गेलेली म्हातारी मिसेस मूर आहे, तिच्यामागे हेरिंगहॅमबाईंची छाया असावी असं त्यांच्या चरित्रकार मेरी लॅगो यांनी मांडलं आहे. लॅगो यांचं चरित्र निघालं १९९६ मध्ये, म्हणजे बाई गेल्यावर सदुसष्ट वर्षांनी.

त्यांच्याच पिढीची बेल्जियमची एक चित्रकर्ती मला या संदर्भात नेहमी आठवते. आना बोक, जन्म १८४८, चिनी मातीच्या भांड्यांचे कारखाने असलेल्या घराण्यातली. समुद्रकिनारे, फुलबागा, उन्हात न्हालेली शेतं अशी तिची चित्रं. ब्रुसेल्समधल्या वीस चित्रकारांच्या बंडखोर गटातली ती एकमेव स्त्री सभासद. १८९० मध्ये त्या गटाच्या प्रदर्शनात व्हॅन गॉगचा 'लाल द्राक्षमळा' लावला होता, तो तिने चारशे फ्रँकांना घेतला. जग तिला ओळखतं ते या खरेदीमुळे. ती १९३६ पर्यंत जगली, अखेरपर्यंत रंगवत राहिली, पण तिच्या चित्रांची आठवण फार मागाहून झाली. क्रिस्टियानाबाईंचंही असंच. दुसऱ्यांची चित्रं वाचवली, दुसऱ्यांची चित्रं उतरवली, म्हणून त्या चित्रकारांच्या यादीत नाहीत. हे मला मान्य नाही. नक्कल ही हलकी कला असती तर आमच्या ड्रॉइंगच्या परीक्षांना बसणाऱ्या हजारो मुलांना आधी बघून काढायला कोणी शिकवलं नसतं. बघणं हीच पहिली विद्या आहे, आणि ती या बाईंना फार थोड्यांना आली तशी आली होती.

दुपारी आम्ही पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर बसलो. भाचीने वहीची तीन पानं भरली. सोळाव्या लेण्यात मंत्री वराहदेवाचा शिलालेख आहे, तिथेच ती मरणासन्न राजकन्या आहे, नंदाची बायको सुंदरी. ते बघेपर्यंत रखवालदाराने वेळ झाल्याची शिट्टी दिली.

जालना, बुलढाणा, संभाजीनगर या तीन जिल्ह्यांतल्या कलाशिक्षकांना माझं एक सांगणं आहे. सहल अजिंठ्याला नेताच, तर मुलांच्या हातात वही-पेन्सिल द्या, एकाच लेण्यात बसवा आणि फर्दापूर ओलांडताना क्रिस्टियाना हेरिंगहॅम हे नाव एकदा मोठ्याने सांगा. मुलींना तर आवर्जून सांगा. भोकरदनकडून जाणार असाल तर आन्वा गावचं बाराव्या शतकातलं देऊळ पाहून जा, त्याच्या बाहेरच्या भिंतींवरच्या स्त्रीमूर्ती बघण्यासारख्या आहेत. आणि सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.